एक इंचही गंज नको!

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की दोन गोष्टी आपोआप साचत जातात. एक म्हणजे डबेच्या डबे भरून नटबोल्ट, जे कुठले ते कुणालाच आठवत नाही. दुसरी म्हणजे किस्से. नटबोल्ट निदान डब्यात पडून राहतात. किस्से चहा आला की बाहेर येतात आणि दर वेळी थोडे फुगून येतात. मी मात्र घडलं तसंच सांगणार आहे. फुगवायची गरजच नाही. घडलं तेव्हाच माझा विश्वास बसत नव्हता!

आधी थोडी ओळख. मी जर्मनीत पाच वर्षं काढली. तिथं जुन्या गाड्या पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारख्या करायला शिकले. शिकता शिकता डोक्यात एकच वेड शिरलं, की हे काम सांगलीत करायचं. आपल्या गाड्या आपणच भंगारात का घालायच्या? हे भाषण मी विमानतळावरून घरी येईपर्यंत बाबांना ऐकवलं. बाबा बांधकामाची कंत्राटं घेतात. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "एक वर्ष देतो. पाडवा ते पाडवा. एक गाडी रस्त्यावर आण, कागदपत्रांसकट. आणलीस तर माधवनगरच्या प्लॉटवर तुला शेड बांधून देतो. नाही आणलीस तर तुला नोकरी देणाऱ्या त्या जर्मन कंपनीला हो म्हणायचं आणि जायचं."

ज्या माणसानं आयुष्यात एकही घर कबूल केलेल्या तारखेला दिलं नाही, त्यानं मला तारीख घातली!

गाडी ठरलेलीच होती. कॉन्टेसा. लांब नाक, रुंद बसकण, मुठी आवळून उभ्या असलेल्या पैलवानासारखी. आपल्याकडं मसल कार म्हणावी अशी मला तरी तीच एक वाटते. माणसं आपोआप जमली. माधवनगर रोडला शेड असलेले मुनीरचाचा, चाळीस वर्षं पत्रा ठोकणारे डेंटर. पाटणचे विश्वासआण्णा, डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. आणि साताऱ्याचे डॉक्टर, ज्यांचा दातांचा दवाखाना आहे आणि जे दर रविवारी बायकोला "कॉन्फरन्स आहे" सांगून सांगलीला येतात. तिघांना एकच रोग. आता मी चौथी.

* * *

गाडीची खबर डॉक्टरांच्या एका पेशंटनं दिली. तोंडात कापूस असताना! "जतच्या पुढं, एका वस्तीवर," एवढंच त्याला सांगता आलं. तेवढ्यावर आम्ही निघालो.

गाडी होती. बाभळीखाली, चार दगडांवर, टायर नसलेली. मी पळतच जाऊन बॉनेट उघडलं. आत काहीच नाही! सरळ खालची जमीन दिसत होती आणि जमिनीवर एक सरडा.

मालक म्हणजे मल्लाप्पा आजोबा. मी विचारलं, "आजोबा, इंजिन कुठंय?"

आजोबा म्हणाले, "कामावर गेलंय."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी खरंच आम्हाला अर्धा मैल चालवत नेलं. विहिरीच्या काठावर, पत्र्याच्या छपराखाली, कॉन्टेसाचं इंजिन पंपाला जोडलेलं होतं आणि डाळिंबाच्या बागेला पाणी पाजत होतं! एकवीस वर्षं! सुरू पेट्रोलवर करायचं, मग मिळेल त्यावर चालवायचं. जर्मनीतल्या माझ्या मास्तरांना हे दाखवलं असतं तर ते तिथंच खाली बसले असते. मी बसलेच.

आण्णांनी इंजिनाला कान लावला.  मग म्हणाले, "पोरी, लय सांभाळलंय ह्यांनी. गाडीत असतं तर कवाच मेलं असतं."

पैशाचं नाव काढलं तर आजोबा हात हलवायला लागले. "बेडा, बेडा! पैसा नको. इंजिन तुमी नेलं तर डाळिंबाला नीर कोण घालणार? ही ताई घालणार?"

शेवटी गाडी आणि इंजिनाच्या बदल्यात नवी मोटर आणली. आण्णांनी ती स्वतः बसवली, पाटात पाणी पडलेलं दाखवलं, तेव्हा कुठं आजोबांनी इंजिनावरचा हात काढला. आम्ही ते उचलून टेम्पोत ठेवणार, एवढ्यात आजी घरातून आल्या. त्यांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं. डोळ्याला पदर लावला. "नीट वागवा गं त्येला," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर जतपर्यंत टेम्पोत मागं, इंजिनाला धरून बसले.

* * *

गंज काढण्याच्या बाबतीत मी फार कडक आहे. ठोकून, घासून, वरून पुट्टी लावून झाकलेला गंज मला चालत नाही. पहिल्याच दिवशी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं : "एक इंचही गंज नको!"

साखर कारखान्याच्या मळीत पाणी घालून त्यात लोखंड बुडवून ठेवलं की गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला इजा होत नाही. हे मी तिकडं शिकले होते. तिकडं मळी छोट्या कॅनमधून विकत आणावी लागायची. इथं तर आजूबाजूला कारखानेच कारखाने! मी आनंदानं आण्णांना सांगितलं.

आण्णा म्हणाले, "परवान्याबिगर मळी मिळत न्हाई पोरी. दारू हुती तिची."

मग पर्याय म्हणून आण्णांच्या मावसभावाच्या गुऱ्हाळातून काकवी आणली. दोन मोठे ड्रम, त्यात काकवी, पाणी आणि गाडीचे सुटे भाग. दिवस एप्रिलचे. आठवड्यात ड्रम बुडबुडायला लागले. दहाव्या दिवशी असा वास सुटला, की रस्त्यानं जाणारे दोघेतिघे आत डोकावून "सुरू केलंय काय?" म्हणून विचारून गेले.

बाराव्या दिवशी पोलीस आले.

हवालदारांनी एकदम ड्रमच गाठला. झाकण काढलं, वास घेतला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला माझी डिग्री आठवेना. मग त्यांनी काठी आत घालून ढवळलं. काठीला अडकून बॉनेटची बिजागरी वर आली.

हवालदारांनी ती निरखून पाहिली. "नवसागर टाकत्यात, ब्याटरीचे सेल टाकत्यात, हे बघितलंय मी. हे काय टाकलंय?"

मी खरं ते सांगितलं. "ही बिजागरी आहे. खाली बंपर आहे. आणि चार ब्रॅकेट."

हवालदार दोन पावलं मागं सरकले. "आवं, पिणारी मरतील की!"

समजावायला दीड तास लागला. शेवटी आण्णांनी ड्रममधून बंपर बाहेर काढला, नळाखाली धरला आणि आतून पांढरं स्वच्छ लोखंड निघालं. हवालदार काठी पुसत निघून गेले.

पुढच्या रविवारी परत आले. साध्या कपड्यांत. हातात जुन्या मोटारसायकलचा सायलेन्सर. हळूच म्हणाले, "एका कोपऱ्यात बसंल काय हो?"

* * *

डॉक्टरांचा किस्सा सांगू की नको, असं झालंय. सांगते. साताऱ्याच्या लोकांनी आपापल्या जबाबदारीवर ऐकावा.

कार्बोरेटरमधली बारीक भोकं घाणीनं बुजलेली होती. रॉकेलमिश्रित पेट्रोलची एकवीस वर्षांची घाण. माझ्याकडच्या तारा जाड होत्या. डॉक्टर म्हणाले, "थांब, माझ्याकडं आहे." बॅगेतून एक चपटी डबी काढली. आत केसासारख्या बारीक, पिळाच्या सुया, निळ्या-पिवळ्या मुठींच्या. दहा मिनिटांत सगळी भोकं आरशासारखी साफ!

मी म्हटलं, "डॉक्टर, हे टूल कुठलं? मला मागवायचंय."

"अगं, रूट कॅनालच्या फाइल्स आहेत."

मी त्या डबीकडं बघत राहिले. मग घाबरत घाबरत विचारलं, "ह्या... परत दवाखान्यात नाही ना नेत?"

डॉक्टर दुखावले. "वेडी आहेस का? कामाच्या वेगळ्या, गाडीच्या वेगळ्या."

मला हायसं वाटलं. एवढ्यात मुनीरचाचांनी डबी उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, "डॉक्टर, ही कुठली?"

डॉक्टरांनी चष्मा लावला. डबी उलटी केली. सुलटी केली.

डबीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. सोमवारच्या सगळ्या अपॉइंटमेंट पुढं ढकलल्या, नव्या फाइल्सचं पाकीट मागवलं आणि जुन्या सगळ्याच्या सगळ्या आमच्या शेडला दान करून टाकल्या. तेव्हापासून मी मात्र दात घासताना फार मन लावून घासते.

* * *

मुनीरचाचांकडं मोजमापाचं एकही यंत्र नाही. मी तिकडून पत्र्याचा उंचसखलपणा मोजणारं मशीन आणलं होतं. दरवाजाच्या पत्र्यावर लावलं, आकडे वहीत लिहिले आणि चाचांना सांगितलं, "एकदम सरळ आहे."

चाचांनी डोळे मिटले. खांद्यावरचं फडकं तळहाताखाली धरलं आणि पत्र्यावरून हळूहळू हात फिरवला. एका जागी थांबले. "हितं खळगा हाय."

"चाचा, मशीन नाही म्हणतंय."

"मशीनला काय झालंय ते बघा."

मला थोडा राग आला. विज्ञान म्हणजे विज्ञान! मी मशीन नव्यानं सेट करायला घेतलं. मोजणीच्या टोकावर तिकडून येतानाच लावलेली पारदर्शक टोपी तशीच होती. म्हणजे सकाळपासून मी टोपीच मोजत होते!

टोपी काढून परत मोजलं. खळगा निघाला. बरोबर चाचांच्या बोटाखाली.

चाचांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "अजून एक हाय. डावीकडं. पण ऱ्हाऊ द्या, तुमचं मशीन दमलं असंल."

* * *

मागचे दिवे मिळत नव्हते. मुंबई-पुणे सगळीकडं विचारून झालं. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मी आणि आण्णा कऱ्हाडहून परत येत होतो. पुढं उसाची ट्रॉली. आण्णा अचानक ओरडले, "पोरी! दिवं बघ!"

ट्रॉलीच्या मागं, उसाच्या मोळ्यांखाली, कॉन्टेसाचे दोन्ही दिवे! अखंड! लागलेले!

मी हॉर्न वाजवत ट्रॉली थांबवली. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "काय सांडलं का वं?"

"दादा, हे दिवे द्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दिव्यांकडं, मग आण्णांकडं. "आजोबा, ताईंना बरं न्हाई का?"

आण्णांनी सगळं समजावलं. दादा भला माणूस. म्हणाला, "देतो की. पण आत्ता काढलं तर अंधारात माझ्या ट्रॉलीवर कुणीतरी येऊन आदळंल. कारखान्यावर चला. माप झालं, ट्रॉली मोकळी झाली, की घ्या."

कारखान्यावर रांग होती. आमचा नंबर एकशे अकरावा. आम्ही दोघं उसाच्या रांगेत, ऊस नसताना, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभे! मधे मी जाऊन त्याच्या ट्रॉलीला नवे दिवे आणि लाल रिफ्लेक्टर आणले. दिवे हातात पडले तेव्हा दादा म्हणाला, "ताई, एक विचारू का? राग मानू नका. तुमी जर्मनीत नक्की काय शिकला?"

* * *

आता शेवटचा.

पाडव्याला चार दिवस राहिले होते. गाडी तयार. गडद निळा रंग, असा की त्यात बघून आण्णांनी मिशी सारखी केली. जर्मन कंपनीची मेल आलेली : पाडव्याच्या आदल्या दिवशीपर्यंत हो की नाही कळवा. बाबांच्या कॅलेंडरवर पाडव्याभोवती लाल गोल. राहिलं होतं फक्त रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. मल्लाप्पा आजोबांनी कागद पेटीत जपून ठेवले होते, त्यामुळं मला काळजी नव्हती.

गाडी टोचन करून आरटीओत नेली. चौघंही गेलो, डॉक्टर दवाखाना बंद ठेवून. साहेब तरुण होते, पाटणकडचेच. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, "वा!" म्हणाले, इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवला. मग म्हणाले, "चेसिस नंबर?"

मी पिशवीतून पाटी काढली. रिव्हेट काढून, साफ करून, लेबल लावून ठेवलेली.

"ही पाटी नाही चालत मॅडम. पत्र्यावरच ठोकून पंच केलेला नंबर लागतो. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर असतो, बघा."

मी बघितलं. साहेबांनी बघितलं. आण्णांनी टॉर्च मारला. इंजिनाच्या मागचा पत्रा गुळगुळीत, नवाकोरा, निळाशार. एक अक्षर नाही.

मुनीरचाचा हळूच म्हणाले, "तो पत्रा मी कापला."

"कापला?" मी ओरडले.

"लय गंजला हुता ताई. वरनं काय दिसत नव्हतं. मी म्हणलं हुतं, ऱ्हाऊ द्या, वरनं मारून घेऊ. तुमीच म्हणाला, एक इंचही नको. भिंतीवर लिवलंय की तुमी."

 मी त्या गाडीचे दोन हजार फोटो काढलेत. प्रत्येक स्क्रूचा फोटो आहे. त्या पत्र्याचाही आहे. त्यात फक्त गंज दिसतो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कापलेला तुकडा आहे का? तुकडा असला, त्यावरून नंबरचा ठसा मिळाला, तर परत पंचिंगची परवानगी काढता येते. तुकडा नसला तर..." ते गाडीकडं बघून थांबले. "तर ही कुठली गाडी, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. एवढी सुंदर वस्तू, पण रस्त्यावर नाही आणता येणार."

डॉक्टर स्टुलावर बसले.

"तुकडा हाय," चाचा म्हणाले. "मी पत्रा टाकत न्हाई. घरी नेला. चाचीनं मागितला हुता."

साहेबांना मिरजेला जायचंच होतं. म्हणाले, वाटेत बघून जातो. पाचही जण चाचांच्या घरी गेलो. मागच्या अंगणात झुबेदाचाची भांडी घासत होत्या. चाचांनी विचारलं, "तो गंजका पत्रा कुठाय गं?"

चाचींनी घासणीनं खुराड्याकडं बोट केलं. "घुशी खालनं उकरून अंडी न्यायच्या. म्हणून खाली घातलाय."

मी वाकून बघितलं. खुराड्याच्या आत पत्रा. पत्र्यावर भुसा. भुशात अंडी. अंड्यांवर एक लाल कोंबडी, पंख पसरून, माझ्याकडं डोळे वटारून बसलेली. भुशाच्या कडेला पत्र्याचा कोपरा दिसत होता आणि त्यावर, कोंबडीच्या नखांनी खरवडलेल्या गंजातून, एक आकडा. फक्त एक. बाकीचे तिच्या पोटाखाली!

मी हात पुढं केला. चाची ओरडल्या, "हात लावायचा न्हाई! खुडूक हाय. एकदा उठवली तर परत बसायची न्हाई. बारा अंडी वाया जातील."

आण्णा म्हणाले, "दाणं खायला उठती तवा?"

"तवा पत्रा वढला तर अंडी घरंगळतील की आण्णा! तुमच्या घरात कोंबड्या नव्हत्या का?"

मी साहेबांकडं बघितलं. सरकारी अधिकारी. ते तरी काही बोलतील. साहेबांनी गुडघ्यावर बसून खुराड्यात नजर टाकली आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून विचारलं, "किती दिवस झाले?"

"बारा. अजून नऊ."

साहेब उठले. पॅन्ट झटकली. "नको, नका हलवू. लहानपणी मी एकदा खुडूक कोंबडी उठवली होती. आईनं फोकानं मारलंय मला. दहा दिवसांनी येतो."

"साहेब, माझा पाडवा चार दिवसांवर आलाय!" मी जवळजवळ रडत म्हटलं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "तिला कुठं माहितीय?"

आणि त्यांनी तिथंच, अंगणातल्या कट्ट्यावर कागद ठेवून शेरा लिहिला : "वाहन सुस्थितीत. इंजिन क्रमांक जुळतो. चेसिस क्रमांकाचा भाग आज पाहता आला नाही. कारण : कोंबडी अंड्यांवर आहे." खाली सही. शिक्का.

तो कागद मी बाबांसमोर ठेवला. बाबांनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. "म्हणजे गाडी रस्त्यावर नाही," म्हणाले.

"नाही."

"आणि तारीख?"

"बाबा, फक्त सहा दिवसांचा फरक आहे."

बाबा चप्पल घालून बाहेर पडले. चाची नंतर सांगत होत्या, की ते येऊन उलट्या बादलीवर बसले आणि तासभर नुसते कोंबडीकडं बघत राहिले. चहा दिला तो घेतला. जाताना एवढंच विचारलं, "जागची अजिबात हलत नाही का हो ही?"

चाची म्हणाल्या, "भाऊ, तिचं काम झाल्याशिवाय न्हाई हलत."

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप उघडून जर्मनीची मेल समोर ठेवली. संध्याकाळ झाली तरी हो लिहवेना. शेवटी डोळे मिटून "नाही" लिहिलं, पाठवलं आणि बाबांना सांगायचं धाडस न झाल्यानं तशीच झोपले.

पाडव्याला सकाळी घरात बाबा नव्हते. गुढी उभारलेली होती. फोन उचलेनात. मी शोधत माधवनगरच्या प्लॉटवर गेले. तिथं विटांचा ट्रक उभा. जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं शेडच्या चारी भिंतींच्या रेघा मारलेल्या, चार गडी खणत होते आणि बाबा दोरी धरून उभे होते.

मी म्हटलं, "बाबा, नंबर अजून मिळाला नाही!"

बाबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दोरी ताणून धरत गड्यांना म्हणाले, "उरका रं! कोंबडी उठायच्या आत पाया भरून झाला पाहिजे."